४४ वजा ४६

ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि लष्कर या भागातल्या गल्ल्या ओस पडतात. आमच्या घरी मागच्या पडवीत घडवंचीवर माठ असे, आजी त्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायची. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा, मग त्या माठातलं पाणी. घसा निवेल इतकं गार. तोच माठ श्रावणात मात्र रुसल्यासारखा वागे. बाहेर ३२ अंश, हवा उन्हाळ्याच्या मानानं किती सुखाची, आणि पाणी कोमट! विचारलं की आजी म्हणायची, “हवाच पाणी पिऊन बसलीय, आता माठातलं कोण पिणार?”

पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं की मुक्त ऊर्जेचा, म्हणजे एखादी गोष्ट आपोआप घडेल का हे सांगणाऱ्या मापाचा, अख्खा धडा आजीच्या या वाक्यात होता.

माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातलं १०० मिलिलिटर पाणी असं उडालं, तर सुमारे २४४ किलोज्यूल उष्णता जाते. बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरलं, तर तेवढ्यानं बाकीचं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरतं. हे सगळ्यांना माहीत असतं. नवल वेगळंच आहे. बाष्पीभवनाला उष्णता लागते, ती कुणी हौसेनं पुरवत नाही, तरीही ते आपोआप होतं. हे कसं?

‘आपोआप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उतारावरून घरंगळणारा दगड येतो. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे युलियस थॉमसेन आणि फ्रान्सचे मार्सलँ बर्थेलो यांनाही तसंच वाटत होतं: जी अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते तीच आपोआप घडते. पुष्कळ अभिक्रियांना हा नियम लागू पडतो, म्हणून तो टिकलाही. पण त्याला खोटं पाडणारा पुरावा आपल्याकडे अडीचशेहून जास्त वर्षं आधीच लिहिलेला होता. अकबराच्या दरबारात पाण्याची सुरई सोरा (पोटॅशियम नायट्रेट) मिसळलेल्या पाण्यात फिरवून गार करत, ही रीत अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवली आहे. (१६०२ मध्ये मारला गेलेला अबुल फजल ग्वाल्हेरजवळ आंतरीला चिरनिद्रा घेतोय. लष्करात वाढूनही मला हे फार उशिरा कळलं.) सोऱ्याचा एक मोल (मोल हे कणांच्या ठरावीक संख्येचं माप), म्हणजे १०१ ग्रॅम, पाण्यात विरघळताना सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता शोषतो. तरी तो विरघळतोच.

म्हणजे पारड्यात उष्णतेखेरीज आणखी काहीतरी आहे. त्या काहीतरीला रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिलं. ढोबळमानानं, कणांना आणि त्यांच्या ऊर्जेला पांगायला किती वाटा मोकळ्या आहेत, याचं हे माप. सोऱ्याच्या स्फटिकात आयन, म्हणजे विद्युतभारित कण, रांगेत जखडलेले असतात, पाण्यात ते सुटतात. द्रव पाण्यात रेणू एकमेकांना धरून असतात, वाफेत प्रत्येकाला सारं आकाश मोकळं. मग उष्णतेचा हिशेब आणि पांगण्याचा हिशेब एकाच वहीत मांडायचा कसा? ते १८७६ ते १८७८ या काळात अमेरिकेच्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी दाखवलं. येल विद्यापीठात त्या वेळी ते बिनपगारी प्राध्यापक होते. शोधनिबंध छापला तो कनेटिकटच्या एका अकादमीच्या नियतकालिकात, जे युरोपात फारसं कुणी वाचत नसे. ब्रिटनचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मात्र गिब्ज यांची आधीची कामं वाचून इतकं मनावर घेतलं, की पाण्यासारख्या पदार्थाच्या अवस्था दाखवणारा गिब्ज यांचा त्रिमितीय आलेख स्वतः प्लास्टरमध्ये घडवून त्याची प्रत त्यांना पाठवली.

गिब्ज यांची वजाबाकी अशी:

मुक्त ऊर्जेतला बदल = शोषलेली उष्णता − (केल्विनमधलं तापमान × एन्ट्रॉपीतली वाढ)

तापमान आणि दाब स्थिर असताना उत्तर ऋण आलं तर प्रक्रिया आपोआप घडू शकते. धन आलं तर उलटी प्रक्रिया घडू शकते. शून्य आलं तर समतोल.

आता माठावर येऊ. पाणी २५ अंशांवर, म्हणजे २९८ केल्विनवर आहे असं धरा. एक मोल पाणी, जेमतेम चार चमचे, उडायला ४४ किलोज्यूल घेतं. पुस्तकातल्या तक्त्यात एन्ट्रॉपीची वाढ ११९ ज्यूल प्रति केल्विन दिलेली असते. २९८ नं गुणलं की साडेपस्तीस किलोज्यूल. ४४ वजा ३५.५ म्हणजे अधिक साडेआठ! या हिशेबानं माठातलं पाणी उडायलाच नको.

इथे विद्यार्थी हमखास अडतात, मीही अडलो होतो. तक्त्यातला आकडा अख्ख्या एका वातावरणाच्या दाबाच्या वाफेसाठी असतो. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत वाफेचा वाटा जेमतेम दीड टक्का असतो. इतक्या विरळ वाफेत सुटलेल्या रेणूला पांगायला कितीतरी जास्त जागा मिळते, एन्ट्रॉपीची वाढ ११९ वरून सुमारे १५४ वर जाते, आणि गुणाकार ४६ किलोज्यूलचा होतो. ४४ वजा ४६, उत्तर उणे २. माठ चालू!

श्रावणात हवेतली वाफ चार टक्क्यांच्या घरात जाते. २५ अंशांच्या पाण्याचा समतोल सव्वातीन टक्क्यांच्या आसपासच होतो. त्यामुळे पाणी तितकं गार होण्याआधीच वजाबाकी शून्यावर येऊन थांबते. त्याहून गार वस्तू हवेत ठेवली तर चिन्ह उलटतं. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तो त्यामुळेच. हवा पाणी पिऊन बसलेली असते, ती परत देते.

‘मुक्त’ या शब्दानं गोंधळ होतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, कामाला मोकळी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि आम्ल यांच्यातल्या अभिक्रियेची मुक्त ऊर्जा जितकी घटते, जास्तीत जास्त तितकंच विजेचं काम मिळू शकतं. दिवे गेले की पंखा त्याच घटीवर फिरतो.

पण उणे आलं म्हणजे लगेच घडलं, असं मात्र नाही. स्वयंपाकाच्या गॅसमधला एक मोल प्रोपेन हवेत जळला तर मुक्त ऊर्जा २१०० किलोज्यूलनं घटते. माठाच्या उणे २ पुढे हे केवढं! तरीही गळालेला गॅस ठिणगीची वाट पाहत राहतो आणि माठ दिवसभर मुकाट काम करतो. गिब्ज यांचं गणित दिशा सांगतं, वेग सांगत नाही. वेग वाटेवरच्या अडथळ्यावर ठरतो.

माठाची वाटही बुजते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचत जातात, झिरपणं मंदावतं, आणि हवा तितकीच कोरडी असूनही पाणी गार होईनासं होतं. म्हणून आजी दर अक्षय्य तृतीयेला नवा माठ आणायची आणि जुना तुळशीपाशी चिमण्यांसाठी भरून ठेवायची.