भरीत पार्टी ठरवताय? आधी हा हिशेब करा

थंडी पडली की आमच्याकडे फोन सुरू होतात: "पंधरा हजारात किती माणसं जेवतील?" उत्तर आम्ही देतोच, पण हिशेब तुमचा तुम्हाला मांडता आला तर घासाघीस तरी मुद्द्याची होईल.

तुमच्या शेतावर येऊन करून देण्याचे ३,००० रुपये ठरलेले. त्यात आचारी, भांडी, वांगी भाजायला कपाशीच्या काड्या आणि आमचं येणं-जाणं आलं. माणसं वीस असोत की शंभर, हा आकडा हलत नाही. वर ताटामागे १८० रुपये: भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, ठेचा आणि एक गोड. वांगी भरिताचीच, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची.

माणसं 'क' धरा.

३००० + १८०क ≤ १५०००
१८०क ≤ १२०००
क ≤ ६६.६६…

म्हणजे ६६ माणसं. जवळचा आकडा म्हणून ६७ धरलीत तर बिल १५,०६० होतं. शाळेत याला रेषीय असमानता म्हणत. इथे 'बरोबर'चं चिन्ह चालत नाही, कारण पंधरा हजार संपवायचेच असं थोडंच आहे? चाळीस माणसं आली तरी बजेट पाळलंच गेलं.

गाड्यांचं मात्र उलट. एका गाडीत ९ जण बसतात, तर ९ग ≥ ६६, म्हणून ग ≥ ७.३३… इथे आकडा वर न्यायचा: ८ गाड्या. सातच सांगितल्या तर तिघं बांधावरून चालत येतील.

खर्च वजा जाता हाताशी निदान ५०० रुपये उरायला हवेत, असं काही जण सांगतात. मग:

१५००० − ३००० − १८०क ≥ ५००
−१८०क ≥ −११५००
क ≤ ६३.८८…

ऋण संख्येने भागलं की चिन्ह फिरतं. ते फिरवायचं राहिलं तर "किमान ६४ माणसं बोलवा" असं उत्तर निघेल, आणि पाहुणे वाढतील तसे पैसे उरतील म्हणे! शंका आली तर ६४ घालून बघा: उरतात ४८०.

आमच्या जागेवर येऊन जेवलात तर नुसते ताटाचे २४० रुपये, वेगळा आकार नाही. हे कधी स्वस्त?

२४०क < ३००० + १८०क, म्हणजे क < ५०.

पन्नासला दोन्ही सारखेच. तीस जणांसाठी शेतावर बोलावलंत तर आम्ही खुशीने येऊ, पण ताट २८० ला पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

मुलांचं अर्धं ताट ९० रुपयांना. शेतावरच्या पंधरा हजारांच्या बजेटात मोठी 'म' आणि लहान 'ल' धरली तर १८०म + ९०ल ≤ १२०००; ९० ने भागलं की २म + ल ≤ १३३.३३…, म्हणजे १३३ पर्यंत. मोठी ४० असतील तर मुलं ५३ पर्यंत बसतात. एक मोठा कमी झाला की दोन मुलांची जागा होते.

वांग्याचा भाव चढला तर १८० चा आकडा बदलतो. तारीख पक्की करताना त्या आठवड्याचा दर विचारा आणि तोच वर घाला.