ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधील खाडीत, ऐरोली पूल ते वाशी पूल या टप्प्यात पश्चिम किनाऱ्यालगत असलेले संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे १,६९० हेक्टर. त्यातील निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन (खारफुटीची झाडी), उरलेले पाणी आणि चिखल. ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झालेले हे मालवणनंतरचे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या सुमारे ६,५०० हेक्टर क्षेत्राचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला.

येथे फ्लेमिंगोच्या (रोहित, अग्निपंख) दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंच व फिकट असून तो चिखलातील बारीक कवचधारी जीव टिपतो. लहान रोहित जास्त गडद असतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाणी गाळतो आणि मुख्यतः नीलहरित शैवाल खातो. त्याचा गुलाबी रंग या शैवालातूनच येतो. पिल्ले राखाडीच असतात. साधारण नोव्हेंबरपासून थवे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वीण येथे होत नाही. ती कच्छच्या रणात होते.

नव्वदच्या दशकाआधी मुंबईत फ्लेमिंगोंचे थवे ही नेहमीची गोष्ट नव्हती. शिवडीच्या चिखलपट्टीवर ते त्या सुमारास दिसू लागले आणि पुढे त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत पोषकद्रव्ये वाढली आणि त्यावर शैवाल पोसले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पक्ष्यांची गर्दी हा खाडी स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे. भांडुप, ऐरोली, दिवाळे येथील कोळ्यांना विचारावे. जिताडा आणि बोय हे मासे पूर्वीइतके जाळ्यात येत नाहीत, ही त्यांची तक्रार याच पाण्याबद्दल आहे.

पर्यटन घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींची वेळ त्यामुळे रोज बदलते. पूर्ण ओहोटीला बोट चालत नाही आणि पक्षी दूर चिखलात असतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. पाणी चढत असताना किंवा उतरत असताना ते काठाजवळ दिसतात. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथेही कामी येतो: तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. छायाचित्रासाठी बोट थव्यात घुसवण्याचा आग्रह मात्र करू नये. दचकून उडणाऱ्या पक्ष्याचे खाणे तुटते.

किनाऱ्याच्या कांदळवनात तिवर या जातीची झाडे सर्वाधिक. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी आली आणि २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. बुलेट ट्रेनचा मार्गही खाडीच्या पुलावरून न नेता तळाखालून नेला जात आहे. बोगद्याचा सुमारे ७ किलोमीटरचा भाग खाडीखाली आहे.

खरी अडचण सीमेची आहे. अभयारण्य नकाशावर आखलेले आहे, पक्षी मात्र पाण्यामागे फिरतात. ज्या शिवडीने मुंबईकरांना फ्लेमिंगोची ओळख करून दिली ती हद्दीबाहेर आहे. २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू तेथूनच सुरू होतो. भरतीच्या वेळी थवे नेरूळच्या चाणक्य आणि डीपीएस तलावांत विसावतात, तेही हद्दीबाहेरच. २०२४ मध्ये डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाले आणि तलाव कोरडा पडला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. विसाव्याची जागा हरवल्याने पक्ष्यांच्या वाटा बदलल्या, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आरोप होता. पुढे २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य पातळीवर मान्यता मिळाली.