थाप पडण्याआधीच ऐकू येणारा ढोल

‘आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. म्हाताऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून ठेवा, झालं काम!’ लोककला जपण्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. फक्त रेकॉर्ड करणं म्हणजे मोजमाप घेणं, आणि कुठलंही मोजमाप काहीतरी टिपतं तसं काहीतरी सोडतंही, हे त्यात विसरलं जातं. काय सोडायचं ते तुम्ही ठरवलं नाहीत तर तुमच्या वतीने फोन ठरवतो.

उदाहरणादाखल लामकांग लोकांची गोष्ट घेऊ. मणिपूरच्या आग्नेय टोकाला, म्यानमारच्या सरहद्दीजवळच्या डोंगरांत, मुख्यतः चांदेल भागात त्यांची गावं आहेत. शेजारी अनाल, मोयोन, मोनसांग, मरिंग, ताराओ. लोकसंख्या सात-आठ हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. भाषा तिबेटी-बर्मी कुळाच्या कुकी-चिन शाखेतली. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा या शाखेवरचा भाग १९०४ साली निघाला, त्यात ‘हिरोइ-लामगांग’ या नावाने तिची नोंद आहे. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशात ती ‘लामगांग’ याच नावाने सर्वांत गंभीर गटात टाकलेली आहे. आपल्या जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशी भाषा प्रसिद्ध यादीत नावानिशी येतच नाही, त्यामुळे तिथे ती दिसत नाही.

विसाव्या शतकात या डोंगरांत ख्रिस्ती धर्म पसरला आणि जुने सण-विधी मागे पडले. विधीच उरला नाही तर त्याचं गाणं गायचं कधी? भाषा घरात बोलली जात असली तरी गाणी आधी जातात ती अशी. लामकांगच्या बाबतीत एक बरी गोष्ट म्हणजे भाषावैज्ञानिक शोभना चेल्लय्या आणि त्यांचे सहकारी गावातल्या लोकांना सोबत घेऊन अनेक वर्षं या भाषेवर काम करत आले आहेत. टेक्सासमधल्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठात ‘कोरसाल’ हा दक्षिण आशियाई भाषांचा डिजिटल संग्रह आहे, त्यात लामकांगचं साहित्य ठेवलेलं आहे. असा संग्रह काही नियम पाळतो: आवाजाची फाइल न दाबलेली, म्हणजे आकार कमी करण्यासाठी काहीही न वगळलेली हवी, कोण गातंय, कुठे, कधी, कुणाच्या परवानगीने, हे सगळं सोबत हवं. यातला पहिला नियम लोकांना जाचक वाटतो. ‘एमपी३ दिली तर काय बिघडतं? कानाला तर सारखंच ऐकू येतं!’

बिघडतं ते नेमकं तिथेच, कानाला सारखं ऐकू येतं म्हणून.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार, हे शाळेत झालेलं आहे. डिजिटल रेकॉर्डर हा दाब सेकंदाला ४८ हजार वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांच्या आकड्यात लिहितो. डावा-उजवा असे दोन मार्ग धरले तर गुणाकार करा: सेकंदाला २३ लाखांवर बिट, तासाला साधारण एक जीबी. हेच गाणं १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांच्या, एमपी३मध्ये जेमतेम ५८ एमबीत बसतं. अठरा भागांतले सतरा भाग गेले आणि कानाला पत्ता लागला नाही! ही किमया कशी होते ते बघण्यासारखं आहे.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात एक पडदा. उंच स्वर पडद्याच्या एका टोकाला हलवतात, खालचे स्वर दुसऱ्या टोकाला. मात्र हे हलणं एका बिंदूपुरतं नसतं, आजूबाजूचा पट्टाही हलतो. त्यामुळे एखादा मोठा स्वर वाजत असेल तर त्याच्या पट्ट्यात पडणारा बारीक स्वर मेंदूपर्यंत पोचतच नाही. कुकरची शिट्टी चालू असताना समोरच्याचं ‘स’ आणि ‘श’ कळत नाही, ते यामुळेच. याला आपण झाकोळ म्हणू. ध्वनिशास्त्रज्ञांनी मानवी श्रवणाचे असे चोवीस पट्टे मोजून ठेवले आहेत. एमपी३ बनवणारा प्रोग्राम दर क्षणी हिशेब करतो: या पट्ट्यात कोण मोठा आहे, त्याच्या सावलीत कोण येतं? सावलीतल्याला जेमतेम दोन-चार बिट द्यायचे किंवा पुसूनच टाकायचं.

आता पुढचं जरा तांत्रिक आहे, पण माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच.

हा हिशेब एकेका नमुन्यावर, म्हणजे एकेका मोजणीवर, करता येत नाही, कारण एका आकड्याला स्वर नसतो. त्यासाठी थोडा वेळ गोळा करावा लागतो. अशा गोळा केलेल्या तुकड्याला खिडकी म्हणू. एमपी३ची मोठी खिडकी १,१५२ नमुन्यांची असते, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने सुमारे २६ मिलिसेकंद. तेवढ्या तुकड्याचं रूपांतर करून त्यात कुठला स्वर किती आहे याची यादी बनते, आणि यादीतले आकडे ढोबळ केले जातात. ढोबळ केलं की चूक आली. परत ऐकताना यादीवरून पुन्हा आवाज बनतो, तेव्हा ती चूक त्या संपूर्ण खिडकीभर पसरते. कारण यादीत ‘किती’ आहे, ‘कधी’ नाही.

समजा या २६ मिलिसेकंदांतल्या विसाव्या मिलिसेकंदाला ढोलावर थाप पडली. आधीचे वीस मिलिसेकंद शांतता होती. थाप मोठी, म्हणून तिच्या यादीतली चूकही मोठी, आणि ती चूक आता शांततेतही सांडते. थाप पडण्याआधीच एक फुसफुसता आवाज येतो. अभियंते याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. झाकोळ काळातही पसरतो: मोठ्या आवाजानंतर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत बारीक आवाज ऐकू येत नाही. आवाजाच्या आधी मात्र तो जेमतेम काही मिलिसेकंदच पुरतो. म्हणजे थापेनंतरची घाण झाकली जाते, थापेआधीची उघडी पडते. यावर उपाय म्हणून प्रोग्राम थापेचा सुगावा लागताच खिडकी तिपटीने लहान करतो. तरी ती आठ-नऊ मिलिसेकंदांची राहतेच, आणि लहान खिडकीत स्वरांची यादी जाडीभरडी होते. काळ नेमका धरावा तर स्वर सुटतो, स्वर धरावा तर काळ. हे गणिताचंच बंधन आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आळस नव्हे. हल्लीच्या फोनमध्ये एमपी३ऐवजी बहुधा एएसी ही आवाज दाबण्याची दुसरी पद्धत असते. तिची मोठी खिडकी २,०४८ नमुन्यांची, लहान २५६ची. धोरण तेच.

ऐकायला हे चालतं. पण दोन ढोलांच्या थापांत किती मिलिसेकंदांचं अंतर आहे, नाचणाऱ्याचं पाऊल थापेवर पडतं की किंचित आधी, काशाच्या थाळीचा नाद विरताना कुठला उपस्वर आधी जातो, असे प्रश्न पन्नास वर्षांनी कुणी विचारले तर? एमपी३ त्यांना उत्तर देणारच नाही असं नाही, पण आत्मविश्वासाने खोटं उत्तर देईल. खरं सांगायचं तर मूळ सुराची उंची दाबलेल्या फाइलमध्येही बऱ्यापैकी शाबूत राहते. मार बसतो तो बारकाव्यांना.

फ्यूक्स नावाच्या अमेरिकी संशोधकाने १८९० साली मेन राज्यातल्या पासामाक्वॉडी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यावर टिपली. क्षेत्रात जाऊन केलेलं ते पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. मेणाचा आवाज एमपी३पेक्षा कितीतरी वाईट, खरखरीत. ढोल तर त्यावर धड उमटतच नसे. तरीही संशोधक म्हणून मला निवडायला लावलं तर काही प्रश्नांसाठी मी मेण घेईन. मेणाचा दोष साधारण एकसारखा असतो, खालचे स्वर गेले तर सगळीकडे गेले. एमपी३चा दोष दर २६ मिलिसेकंदांना बदलतो आणि काय पुसलं याची नोंद ठेवत नाही.

फोनची करामत इथेच संपत नाही. फोन मुळात बोलण्यासाठी घडवलेला आहे. आवाज एकसारखा, संथ चालू राहिला की तो गोंगाट ठरतो आणि दाबला जातो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. गी पॉइतेवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या गोळा झाल्या. कागदावर शब्द आले, आवाज मात्र त्या मानाने फारच थोड्यांचा मिळाला. त्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली. अशी ओवी गोंगाट काढणाऱ्या फोनवर रेकॉर्ड केली तर पहिलं काय गायब होईल? जात्याची घरघर. लामकांगच्या शाखेतल्या मिझो भाषेत घोषरहित ‘ल’ आणि ‘र’ आहेत, कंठाचा कंप न होता नुसत्या श्वासावर निघणारे. फोनच्या दृष्टीने तो वाऱ्याचा आवाज.

आणखी एक उपद्व्याप म्हणजे आपोआप आवाज सारखा करणं. एकजण ओळ सुरू करतो आणि मागून घोळका उचलतो, अशा गाण्यात फोन एकट्याला वर चढवतो, घोळक्याला खाली दाबतो. हाती येतं ते सगळं एका पातळीवर. कोण पुढे होतं, कोण मागे, किती जण होते, सगळं सपाट.

बरं, आवाज उत्तम टिपला. पुढे? लामकांग न समजणाऱ्याला तो नुसता आवाजच. तासाभराचं बोलणं ऐकून शब्द लिहायचे, अर्थ लावायचा, वेळेशी जुळवायचं म्हटलं तर चाळीस-पन्नास तास सहज जातात. गाणं असेल तर त्याहून जास्त, कारण त्यातले शब्द जुने आणि सुरासाठी ओढलेले. यावर एक साधी युक्ती आहे. गाणं एकेक ओळ थांबवत ऐकवायचं आणि गावातल्याच जाणत्या माणसाने ती ओळ सावकाश, स्पष्ट, पुन्हा बोलायची. मग दुसऱ्याने तिचा अर्थ मणिपुरीत किंवा इंग्रजीत तोंडीच सांगायचा. दोन्ही रेकॉर्ड करायचं. लिहायचं नंतर, सवडीने. तोंडी परंपरेचं भाष्यही तोंडीच. लिहिता न येणारी आजी यात सहायक न राहता मुख्य तज्ज्ञ होते.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘हे सगळं आता एआय करेल.’ करेल तेव्हा करेल. उच्चार ओळखणारे प्रोग्राम मोठ्या भाषांच्या हजारो तासांवर पोसलेले असतात. छोट्या भाषांचे काही तास मिळवतानाच दमछाक होते, आणि त्या तासांची लिखित प्रत आधी माणसानेच करायची असते. एआयची मदत होते, पण भात शिजल्यावर वाढायला. तांदूळ पिकवायला नाही. भाषा आणि संगणक म्हटलं की आपल्याकडे दुसरा एक मेसेज फिरतो: ‘नासाने संस्कृतला संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवलं.’ नासाने असं काही ठरवलेलं नाही. रिक ब्रिग्ज या एका संशोधकाचा १९८५ सालचा एक लेख आहे, संस्कृत व्याकरणपरंपरेतल्या अर्थविश्लेषणाचं ज्ञानाच्या संगणकी मांडणीशी असलेलं साम्य दाखवणारा. लेख रंजक आहे, पण त्याचा पुढे पतंग झाला. संगणकाला कुठलीच भाषा लाडकी नाही. जिचा मजकूर जास्त, ती त्याला सोपी.

नाचाबद्दल थोडक्यात. नाच टिपताना लोक चेहऱ्यावर झूम करतात आणि पाय कापतात. कॅमेरा तिवईवर, अख्खी रांग चौकटीत, जमीन दिसलीच पाहिजे. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे दोन चौकटींत ४० मिलिसेकंद. ढोलाशी पावलाचा मेळ बघायला हे अंतर फार होतं, ५० किंवा ६० चौकटी ठेवाव्यात. हालचालीवरून सांध्यांचा आराखडा काढणारे प्रोग्राम आता फुकट मिळतात, पण एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगेने नाचणारी माणसं दिसली की कुणाचा हात कुणाचा यात तेही गोंधळतात.

साठवण हा निराळाच घोर. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी हिंसाचार भडकला, आणि मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद राहिलं. लोकांना घरं सोडावी लागली. अशा वेळी ‘क्लाउडवर आहे ना’ हा दिलासा तोकडा पडतो, आणि ‘घरच्या हार्डडिस्कवर आहे’ हा तर त्याहून तोकडा. एक प्रत गावात, एक इंफाळसारख्या शहरात, एक दूरच्या संग्रहात, हा हिशेब भित्रेपणाचा वाटला तरी बरोबर आहे. दूरच्या प्रतीवर हक्क कुणाचा, कुठलं गाणं सगळ्या जगाला ऐकवायचं आणि कुठलं नाही, हे ठरवायचं मात्र गावाने.

युनेस्कोच्या ज्या यादीत लामगांग आहे, तिच्यात त्याच गटात महाराष्ट्राचीही एक भाषा आहे: निहाली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या बाजूला बोलली जाते, बोलणारे दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. तिकडे कुणी हौसेने, फोन घेऊनच, जाणार असेल तर एवढं करा: वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाइल देणारं रेकॉर्डिंग ॲप घ्या, त्यात गोंगाट काढण्याची आणि आवाज आपोआप सारखा करण्याची सोय बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. सुरुवातीलाच गाणाऱ्याची परवानगी, नाव, गाव आणि तारीख आवाजातच बोलून घ्या. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी जाते.