कार्ब्युरेटरपासून चेक लाइटपर्यंत: इंजिनाच्या सेन्सर-तपासणीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळच्या गॅरेजांत चेक लाइट, म्हणजे इंजिनातील दोषाची सूचना देणारा डॅशबोर्डवरचा दिवा, लागलेली गाडी येणे आता नित्याचे झाले आहे आणि गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर जो दोषाचा कोड दिसेल तो सेन्सर बदलून मोकळे होण्याची पद्धतही तितकीच रुळली आहे. या पद्धतीत ग्राहकाचा पैसा वारंवार वाया जातो. त्याचे कारण दोष नोंदवणाऱ्या या यंत्रणेच्या जन्मातच आहे: मिस्त्रीची सोय हा तिचा मूळ हेतू नव्हता, तिला धुरावर नजर ठेवायची होती.

अमेरिकेतील धुराचे नियम कडक होऊ लागले तेव्हा, १९६७ मध्ये, बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीतील दाब मोजून ती पेट्रोलचे प्रमाण ठरवत असे. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत लॅम्डा सेन्सर, म्हणजे धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसला. १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिक प्रणालीने इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच संगणकाकडे सोपवला. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत अशी सक्ती केली, आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत सोळा पिनांचा सामाईक कनेक्टर व सामाईक कोड आले.

आपल्याकडे हा बदल पेट्रोलमुळे अडला होता. शिसेयुक्त पेट्रोलमधील शिसे लॅम्डा सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागावर, बसून दोन्ही निकामी करते. कन्व्हर्टरची सक्ती १९९५ मध्ये चार महानगरांपुरतीच झाली. शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘इंडिया २०००’ ही धुराची मानके लागू झाली आणि पुढील काही वर्षांत कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ करून, हवेचा स्क्रू फिरवून ट्यूनिंग करण्याचे दिवस मागे पडले. दोष स्वतः नोंदवण्याची सक्ती भारत स्टेज चार या पुढच्या मानकाबरोबर आली. २०१० मध्ये ते आधी लागू झालेल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, सोलापूर आणि खानदेशाला जवळचे सुरत होते, जळगाव-धुळे नव्हते. देशभर ते मानक १ एप्रिल २०१७ रोजी लागू झाले, म्हणजे कायद्याने ही यंत्रणा खानदेशात पोहोचायला बरीच वर्षे गेली. साहजिकच अनेक मिस्त्रींच्या हाती आधी स्कॅनर आला आणि त्यामागची विद्या नंतर आली.

कोड हा सर्किटचा दोष सांगतो, सुट्या भागाचा नव्हे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे कूलंट तापमान स्कॅनरवर उणे ४० अंश दिसले, तर सेन्सर गेला असेल किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. सेन्सरचा कपलर (वायरजोड) काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात; आकडा एकदम शंभराच्या वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठीक, दोष सेन्सरचा. आकडा जागचा हलला नाही तर नवा सेन्सर आणून काहीही साधणार नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे, तरी ते फार थोड्या ठिकाणी होते याची खंत वाटते.

क्रँक सेन्सरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरची, गोष्ट याहून अवघड असते. चुंबकीय क्रँक सेन्सर बिघडू लागला की त्यातील कॉइल कधी कधी तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे महामार्गावर गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते आणि गॅरेजात पोहोचेपर्यंत सगळे सुरळीत असते. अनेकदा कोडही सापडत नाही. अशा वेळी इंजिन गरम असतानाच मल्टिमीटर या विद्युत मापकाने कॉइलचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) मोजावा लागतो, थंड इंजिनावरील आकडा इथे उपयोगाचा नसतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा डिझेल गाड्यांनी मल्टिमीटरलाही मर्यादा घातली आहे. त्यांतील नायट्रोजन ऑक्साइड सेन्सरला स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स असते आणि तो आपले मोजमाप कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरून, थेट ईसीयूला पाठवतो. तिथे सप्लाय आणि अर्थ तपासून झाले की पुढचे काम स्कॅनरवरील चालू आकडे वाचण्याचेच उरते.