मोतीबागेतली मुकी इंजिनं: नागपूरच्या वाफेच्या शिट्टीची पार्श्वभूमी

कडबी चौकाजवळच्या मोतीबाग नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मी अनेकदा जातो, आणि दर वेळी एकच गोष्ट पाहतो. लहान मुलं आत शिरल्या शिरल्या छोट्या झुकझुक गाडीकडे धावतात. त्यांना घेऊन आलेले आजोबा मात्र वाफेच्या इंजिनापाशी रेंगाळतात. कनेक्टिंग रॉडवरून हात फिरवतात, चाकांच्या आऱ्या मोजतात, मग मान वर करून बॉयलरच्या माथ्यावर काहीतरी शोधू लागतात. ते शिट्टी शोधत असतात. नागपुरात वाफेच्या इंजिनावर जीव असलेली जी पिढी आहे, तिचा जीव खरं तर त्या आवाजावर आहे. तो आवाज या शहरात आला कसा आणि गेला कसा, हे सांगण्यासाठी हे टिपण.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, बडनेरा, वर्धा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मुंबईकडून आलेला रूळ तेव्हा इथे संपत होता. गाडी आली तशी कापसाची उलाढाल वाढली, आणि दहाच वर्षांत, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल स्टेशनपासून जवळच सुरू झाली. म्हणजे या शहराच्या कानावर वाफेचे दोन आवाज पडू लागले. एक गिरणीच्या भोंग्याचा, दुसरा इंजिनाच्या शिट्टीचा. घरात घड्याळ नसलेल्या मोहल्ल्यांचा दिवस या दोन आवाजांवर चाले. आमच्या पाचपावलीच्या घरी आजी संध्याकाळच्या गाडीची शिट्टी ऐकून देवाजवळ दिवा लावत असे. "वाजली गाडी, आता दिवा लाव," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही संध्याकाळी कान आपोआप इतवारी स्टेशनच्या दिशेला वळतात.

पूर्वेकडचा रूळ त्यानंतरचा. छत्तीसगढचं धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा, मार्ग टाकला गेला, तीच नागपूर छत्तीसगढ रेल्वे. १८८७ मध्ये बेंगॉल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने हा मार्ग घेतला आणि लगेच ब्रॉडगेजमध्ये, म्हणजे रुंद रुळांत, बदलून पुढे बंगालपर्यंत नेला. कंपनीचं मुख्य कार्यालय कलकत्त्यात असलं तरी नावात नागपूर होतं, आणि आमच्या भागातले जुने लोक ते नाव आपल्याच घराण्याचं असल्यासारखं घेत. याच कंपनीने १९२९ नंतर इंग्लंडच्या बेयर पीकॉक कारखान्यातून गॅरेट पद्धतीची, म्हणजे एकाच बॉयलरच्या दोन टोकांना चाकांचे दोन संच असलेली, अजस्र इंजिनं आणली. एकेकाचं वजन २३४ टन. भारतात धावलेल्या वाफेच्या इंजिनांत याहून मोठं काही नव्हतं. त्यांचं काम प्रामुख्याने पूर्वेकडच्या कोळशाच्या आणि खनिजांच्या मालगाड्या ओढण्याचं होतं. त्यातलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. 'बी. एन. आर.' ही अक्षरं पाहण्यासाठी मी तिथे एक अख्खी दुपार घालवली आहे.

पण मोतीबागचा विषय वेगळा, तिथलं मन छोट्या लाइनीत आहे. सातपुड्याचे घाट, जंगल, विरळ वस्ती. तिथे रुंद रूळ टाकणं महाग पडलं असतं. म्हणून अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज रूळ निवडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. लोकांच्या हाताला काम आणि धान्याला वाट, दोन्हीची गरज होती. गोंदियाहून निघालेली लाइन नैनपूरमार्गे १९०५ पर्यंत जबलपूरला पोहोचली. पुढे नागपूर-नागभीड आणि नागपूर-छिंदवाडा या लाइनी झाल्या. या मार्गांवर सीसी जातीची इंजिनं धावली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत १९०६ च्या सुमारास घडलेली, पुढे चार, मधे सहा आणि मागे दोन चाकं असलेली, अंगाने लहान पण घाटात चिवट. ती घाट चढताना सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेचे ठोके मोजता येत. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात; चढावर ते सुटे सुटे ऐकू येतात आणि उतारावर एकमेकांत मिसळून जातात. 'झुकझुक' हा शब्द पोरांनी केलेला असेल, पण तो अगदी अचूक ऐकून केलेला आहे.

आता शिट्टीकडे येतो, कारण तिची स्वतःची हकिगत आहे. सुरुवातीच्या इंजिनांना शिट्टी नव्हतीच. १८३३ मध्ये इंग्लंडात लेस्टर ते स्वॉनिंग्टन मार्गावर एक इंजिन फाटकात लोणी-अंडी घेऊन जाणाऱ्या गाड्यावर आदळलं, आणि त्यानंतर इंजिनावर वाफेने वाजणारं कर्णा-वजा साधन बसवलं गेलं, अशी कथा सांगतात. तिच्यात रंग किती भरला आहे यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याच सुमारास वेल्समधल्या डाउलाइसच्या लोखंड कारखान्यात एड्रियन स्टीफन्स यांनी बॉयलरमधलं पाणी कमी झाल्याची सूचना देणारी वाफेची शिट्टी तयार केली होती. मला हा दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो. शिट्टी जन्मली ती माणसाला सावध करण्यासाठी.

रचना साधी आहे. खाली एक वाटी, तिच्या कडेला अरुंद गोल फट, वर उलटी टांगलेली घंटेसारखी पोकळ टोपी. ड्रायव्हरने दांडी ओढली की वाफ त्या फटीतून पातळ पडद्यासारखी वर झेपावते, टोपीच्या धारेवर आपटते आणि आतला वाफेचा स्तंभ थरथरू लागतो. टोपी लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर वरचा. काही शिट्ट्यांत टोपीच्या आत वेगवेगळ्या उंचीचे कप्पे असतात; त्यातून एकाच वेळी तीन-चार सूर निघतात. पण खरी जादू दांडीवरच्या हातात होती. वाफ एकदम सोडली तर किंकाळी, हळूहळू सोडली तर सूर खालून वर चढत जातो, आणि बंद करताना हात सैल ठेवला तर तो विरघळतो. माझे एक काका फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. आवाजावरून ते इंजिनावर कोण आहे ते ओळखत. चेहरा दिसायच्या आधी, सिग्नल पडायच्याही आधी.

त्या शिट्टीला व्याकरण होतं आणि ते आजही चालू आहे. दोन आखूड म्हणजे ड्रायव्हर गार्डकडे इशारा मागतो आहे. तीन आखूड म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. चार आखूड म्हणजे अपघात किंवा तशाच कारणाने गाडी पुढे जाऊ शकत नाही. फाटक किंवा बोगदा जवळ आला की एक लांबलचक, न तुटणारी शिट्टी. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' ही अक्षरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सीटी आणि फाटक. ती पाटी फाटकापासून साधारण ६०० मीटर आधी असते. विजेचं इंजिनही तिथे हॉर्न वाजवतं. फक्त ते हवेवर वाजतं, आणि दर वेळी एकसारखं वाजतं.

नागपूरच्या हिवाळ्यात ही शिट्टी कोसभर दूर ऐकू यायची. "थंडीत आवाज लांब जाते," असं काका म्हणत, आणि त्यामागे कारण आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार राहते. आवाज गार हवेत हळू आणि उबदार हवेत जलद जातो, त्यामुळे वर चाललेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. उन्हाळ्याच्या दुपारी उलट होतं, आवाज वर उडून जातो. डिसेंबरच्या रात्री गोधडीत पडल्या पडल्या ऐकलेली शिट्टी आठवणीत मोठी झालेली नाही. ती खरोखर मोठी होती.

वाफ संपली ती हळूहळू. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून इंजिनं बनत होती. तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन १९७० मध्ये बाहेर पडलं आणि त्याचं नाव 'अंतिम सितारा' ठेवलं गेलं. नाव देणाऱ्याला काय संपतं आहे हे पुरतं कळलं होतं. मोतीबागच्या छोट्या लाइनीवर झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं आली. शेजारी वऱ्हाडात शकुंतला रेल्वेने जास्त तग धरला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर राबलं. सत्तर वर्षं एकाच मार्गावर! वऱ्हाडातल्या माणसाला शकुंतलेविषयी जी माया आहे तिचं निम्मं कारण या आकड्यात आहे. डिसेंबर १९९५ मध्ये देशातली ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची वाहतूक थांबली.

जपणूक त्याआधीच सुरू झाली होती. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय १९७७ चं, मोतीबागचं २००२ चं. संग्रहालय सुरू झालं तेव्हा आमची छोटी लाइन अजून जिवंत होती. छिंदवाड्याची २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंदीकरण हवंच होतं, त्या गावांना वेगवान गाडी मिळणं हा त्यांचा हक्क आहे. पण त्यामुळे मोतीबागचं महत्त्व बदललं. पूर्वी ते एका चालू रेल्वेचं जुनं दालन होतं, आता ती त्या रेल्वेची उरलेली जागा आहे.

आणि इथेच माझं म्हणणं आहे. इंजिन चौथऱ्यावर उभं करून, रंग देऊन आपण लोखंड जपलं. आवाज जपला नाही. काही ठिकाणी हौशी मंडळी जुन्या शिट्टीला हवेचा कॉम्प्रेसर जोडतात. सूर येतो, पण तो नव्हे. आवाजाचा वेग साध्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि गरम वाफेत त्याहून बराच जास्त. त्यामुळे तीच शिट्टी हवेवर वाजवली की सूर खाली उतरतो. ओळखीचं माणूस सर्दी झाल्यासारखं बोलावं तसं वाटतं. खरा सूर हवा तर भट्टी पेटली पाहिजे, त्यासाठी बॉयलर तपासलेला हवा, नळ्या बदललेल्या हव्यात, बेलचा कसा फिरवायचा हे जाणणारा फायरमन हवा, पाणी कमी झालं तर काय करायचं हे सांगणारा म्हातारा फिटर हवा. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडने हे करून दाखवलं. तिथे १८५५ सालची 'फेअरी क्वीन' आणि 'अकबर' नावाचं डब्ल्यूपी जातीचं इंजिन वाफेवर चालवलं गेलं आहे. दार्जिलिंग आणि निलगिरीत तर वाफेची इंजिनं प्रवासी घेऊन अजून डोंगर चढतात. तिथे जाऊन आलेली नागपूरची माणसं फोटो दाखवत नाहीत, मोबाइलवर शिट्टी ऐकवतात.

मोतीबागला वर्कशॉपची परंपरा आहे, रुळाचा तुकडा आहे, रविवारी येणारी मुलं आहेत. एक लहान इंजिन, वर्षातून चार दिवस, आवारातल्या आवारात. एवढं मागणं मला फार वाटत नाही. मात्र ज्यांच्या हातांना हे काम ठाऊक आहे ते सगळे आता सत्तरी-ऐंशीचे आहेत.

गेल्या हिवाळ्यात काकांना संग्रहालयात घेऊन गेलो. त्यांची नात हात सोडून खेळण्यातल्या गाडीच्या रुळाकडे पळाली. काकांनी हाक मारली नाही. ओठ आवळून, गळ्यातून, तीन आखूड शिट्ट्या काढल्या. पोरगी काही थांबली नाही. पण पलीकडच्या बाकावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ दचकून वळले, काकांकडे पाहिलं आणि हवेतच ब्रेकचं चाक फिरवल्यासारखा हात फिरवला.