घड की माळ? दगडीतले दोन जंतू

आमच्या तपासणी लॅबमध्ये सांगोल्याकडून दुधाची बाटली आली की मागोमाग फोन ठरलेला: "सायेब, दगडी झालीया, कुठली ट्यूब भरू?" दगडी म्हणजे कासेची सूज, ट्यूब म्हणजे सडात भरायचं औषध. कास टणक, दुधात गाठी, गाय सडाला हात लावू देत नाही. पण एवढ्यावरून जंतू कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. सीएमटी, म्हणजे गोठ्यातच करायच्या कासदाह चाचणीचं जांभळं द्रावण दुधात घट्ट झालं तर सूज आहे एवढंच कळतं.

माझा पहिला संशय दोघांवर, आणि नावं अशी की ऐकणारा हमखास गोंधळतो: स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी. आम्ही स्टॅफ आणि स्ट्रेप म्हणतो. दोघेही गोल, जंतू रंगवायच्या ग्रॅमच्या पद्धतीत दोघेही जांभळे. स्टॅफ द्राक्षाच्या घडासारखा. त्याच्या ग्रीक नावातच घड आहे आणि सोलापूरकराला घड काय समजावायचा! स्ट्रेप म्हणजे तुळशीची माळ. हे चित्र पुस्तकात छान दिसतं. जंतू वाढवायच्या प्लेटवरून उचललेल्या कॉलनीत (जंतूंच्या ठिपक्यात) मात्र माळा तुटतात, मणी एकावर एक पडतात आणि माळेचाही घड वाटतो.

म्हणून मी आधी बुडबुडे बघतो. काचपट्टीवर कॉलनीचा ठिपका, वर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. स्टॅफ असेल तर सोडावॉटरसारखा फेस येतो, कारण त्याचं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करतं. स्ट्रेप ढिम्म. नवखा होतो तेव्हा रक्ताच्या प्लेटवरची कॉलनी उचलताना खालचं अगारही, म्हणजे प्लेटमधलं रक्त मिसळलेलं जेलीसारखं खाद्य, खरवडून घेतलं. फेस आला, मी 'स्टॅफ' लिहून मोकळा. रक्ताच्या तांबड्या पेशींतही कॅटलेज असतं, हे सरांनी चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून कॉलनीचा फक्त माथा उचलतो.

फेस आला म्हणून तो ऑरियसच असंही नाही; स्टॅफच्या भावकीत सौम्य मंडळी पुष्कळ. त्यासाठी कॉलनी सशाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) घालून ३७ अंशांवर ठेवायचं. ४ तासांनी बघायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. प्लाझ्मा गोठला तर बहुतेक ऑरियसच. स्ट्रेपसाठी कॅम्प चाचणी. गंमत म्हणजे तिथं साक्षीला ऑरियसच लागतो: रक्ताच्या प्लेटवर त्याची रेघ ओढायची, तिला काटकोनात पण न टेकवता संशयिताची. अगॅलॅक्टी असेल तर दोन रेघा जवळ येतात तिथं बाणाच्या टोकासारखा स्वच्छ भाग उमटतो. १९४४ साली ही चाचणी सांगणाऱ्या तिघांच्या आद्याक्षरांवरून 'कॅम्प'.

एवढा खटाटोप कशाला? अगॅलॅक्टी मुख्यतः कासेतच राहतो, पेनिसिलिनला सहसा दाद देतो. सगळ्या जनावरांची तपासणी आणि उपचार नीट केले तर गोठ्यातून जाऊ शकतो. ऑरियस कासेच्या मांसात घर करतो, त्याच्या कित्येक जाती पेनिसिलिन निकामी करतात. शिवाय तो दुधात रोज उतरत नाही, म्हणून एक नमुना कोरा आला तरी मी गाय निर्दोष धरत नाही. तिची धार सगळ्यात शेवटी काढायची. औषध भरायला दूध आटवतानाची वेळ बरी, आणि जुनाट दुखणं असेल तर गाय गोठ्यातून काढायचाही विचार करावा लागतो.

नमुना मात्र औषधाआधीचा हवा. सड स्पिरिटनं पुसा, पहिल्या धारा सोडून द्या, निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात पाठवा. मागच्या आठवड्यातली एक बाटली दोन ट्यूबा भरून झाल्यावर आली होती. प्लेट ४८ तास ठेवली, कोरीच. फोन आला, "मग कुठली ट्यूब भरू?"