मेडिकलनंतर नवऱ्याचा किंवा बायकोचा अमेरिकेचा व्हिसा अडकला तर काय करायचं

बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत होते आणि ऑनलाइन स्टेटसमध्ये 'रिफ्युज्ड' असं दिसतं. मग चोपडा-अमळनेरकडच्या घरात फोन सुरू होतात, 'व्हिसा रिजेक्ट व्हयना' ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या भाऊबंदकीत पोहोचते आणि कुणीतरी नवा एजंट सुचवतो. एजंटला थांबवा. आधी मुलाखतीच्या वेळी हातात दिलेला कागद वाचा.

त्या कागदावर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम लिहिलेलं असतं. '२२१(जी)' असेल तर प्रकरण अपुरं आहे, बंद झालेलं नाही. एखादा कागद, मेडिकलचा म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल किंवा थुंकीचा निकाल यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्टेटसमध्ये मात्र त्यालाही 'रिफ्युज्ड'च म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. '२१२(ए)(१)' असेल तर आरोग्याच्या कारणावरून अपात्र ठरवलं आहे. तिथंही कारणं चारच: सार्वजनिक आरोग्याला धोका असलेला संसर्गजन्य आजार, आवश्यक लसी नसणं, स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असं वर्तन असलेला शारीरिक-मानसिक विकार आणि अमली पदार्थांचं व्यसन. मधुमेह, रक्तदाब यांची नोंद होते, पण ते या यादीत बसत नाहीत. एचआयव्ही जानेवारी २०१० पासून यादीतून वगळला आहे.

आपल्या भागात सर्वांत जास्त भीती टीबीची, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे निघतो. लहानपणी टीबी होऊन बरा झाला असला तरी फुप्फुसावर जुना डाग राहू शकतो, आणि संशय आला की पॅनेल डॉक्टर, म्हणजे व्हिसाच्या मेडिकलसाठी वकिलातीनं नेमलेले डॉक्टर, थुंकीची तपासणी लावतात. तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळचा नमुना द्यावा लागतो, तेव्हा मुंबईतच मुक्काम करावा लागतो. कल्याण-डोंबिवलीत नातेवाईक असतील तर सोय होते. कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या चाचणीचा, निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. तेवढे दिवस स्टेटस हलणार नाही. रोज ईमेल पाठवून जंतू लवकर वाढत नाहीत.

कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर औषध कुठून सुरू करायचं हे आधी पॅनेल डॉक्टरांना विचारा. गावच्या डॉक्टरकडून परस्पर गोळ्या सुरू करू नका. अमेरिकेच्या नियमांत उपचार पॅनेलच्या देखरेखीखाली, प्रत्येक डोस समोर घेतल्याची नोंद ठेवून व्हावे लागतात. साध्या टीबीला किमान सहा महिने, त्यानंतर पुन्हा थुंकी आणि पुन्हा कल्चरची वाट. म्हणजे वर्षभराची तयारी ठेवलेली बरी.

म्हणूनच २२१(जी)ची एक वर्षाची मुदत लक्षात ठेवायची. मागितलेली माहिती वर्षभरात दिली नाही, तर नव्यानं अर्ज आणि नव्यानं फी भरावी लागू शकते. उपचार लांबत असतील तर केस क्रमांक घालून, डॉक्टरांचं पत्र जोडून वकिलातीला कळवत राहा आणि पोच जपून ठेवा.

मेडिकलला जाताना पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो, लसीकरणाच्या नोंदी आणि सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या. पूर्वी टीबी झाला असेल तर जिल्हा रुग्णालयातले उपचाराचे कागद, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि मुख्य म्हणजे जुन्या एक्स-रेची फिल्म. डाग जुनाच आहे, वाढलेला नाही, हे त्या फिल्मवरूनच ताडता येतं. आपल्याकडे नेमकी तीच फिल्म घर रंगवताना रद्दीत जाते. बायकोच्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

लसींचं प्रकरण त्या मानानं सोपं. कार्ड हरवलं असेल तर काही आजारांसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती दाखवता येते, नाहीतर लस घ्यायची.

माफी, म्हणजे वेव्हर, फॉर्म आय-६०१ वर मागतात. संसर्गजन्य आजारासाठी अमेरिकी नागरिकाचा किंवा ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार पात्र ठरतो. पण टीबी बरा करून घेणं हा सहसा वेव्हरपेक्षा सरळ मार्ग असतो. व्यसनाच्या कारणाला मात्र इमिग्रंट व्हिसात वेव्हर नाही. बारा महिने व्यसनमुक्त राहून पुन्हा तपासणी द्यावी लागते. गांजा अमेरिकेतल्या काही राज्यांत चालतो, हा युक्तिवाद इथं चालत नाही. म्हणून खोटं सांगावं का? अजिबात नाही. खोटी माहिती दिल्याचा शेरा आजारापेक्षा महागात पडतो, कारण तो कायमचा चिकटतो.

नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. 'डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध मुन्योझ' या २०२४ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही. त्यामुळे कोर्टाचा धाक दाखवून पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांबच राहा. तिकडच्या जोडीदाराला त्याच्या भागातल्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याच्या कार्यालयातून चौकशी करवता येते. निकाल बदलत नाही, पण फाइल नेमकी कुठं आहे ते कळतं. जोडीदारासाठी भरलेली आय-१३० ही नातेवाइकाची याचिका मंजूर झालेली असताना घाबरून दुसरी दाखल करायची गरज नाही.

कॅनडाचं गणित वेगळं आहे. आरोग्यसेवेवर जास्त खर्च पडेल या कारणानं तिथं स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराला नाकारत नाहीत, पण संसर्गाच्या धोक्याची अट त्यालाही लागू आहे.

सगळं पार पडल्यावर व्हिसावरची शेवटची तारीख बघूनच तिकीट काढा. ती मेडिकलच्या मुदतीशी बांधलेली असते: एरवी सहा महिने, आणि टीबीची नोंद असेल तर ती तीन महिन्यांवर येऊ शकते. त्यामुळे अक्षय्य तृतीयेनंतर निघू म्हणणाऱ्यांनी आधी कॅलेंडर उघडावं.